अर्ध्या आट्याची ग्यारंटी

अंधेरीतल्या त्या मालवणी मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि त्यानेही माझ्या मोटारीपलीकडे माझी कधी चौकशी केली नाही. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाची दोन सीटांची म्हातारी स्पोर्ट्‌स कार मी हौसेने घेतली होती. तिची पेट्रोलची नळी गळायची. त्याने ती दुरुस्त केली आणि सहा महिन्यांची ग्यारंटी दिली, तीही तोंडी.

दर दुसऱ्या रविवारी गळती पुन्हा हजर! तो वाकून वास घेई आणि मीच आरोपी असल्यासारखा माझ्याकडे बघे. मग सांध्याला कपडे धुण्याचा साबण चोळी, नट आवळी आणि म्हणे, "सायबानू, आता ट्रायल घेवक होयी." ही ट्रायल थेट पवईच्या तलावापर्यंत जाई. शेजारच्या सीटवर अबोलीचा वळेसर माळलेली त्याची बायको, आणि मी गॅरेजातल्या स्टुलावर राखणीला.

ग्यारंटी संपली आणि गळती बंदच झाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण दोन रविवार अगदी सुने गेले. तिसऱ्या रविवारी मीच पाना घेऊन नट सैल केला आणि गाडी त्याच्या दारात नेली.

त्याने वास घेतला, नट चाचपला आणि भडकला.

"ह्यो कोणी इतको ढिलो केल्यान? मी अर्ध्या आट्यापेक्षा जास्त कधी सोडूक नाय!"