माथ्यावर न पोहोचलेला आरसा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. दरवर्षी बासरला जाऊन जिच्यापुढे हात जोडतो त्या सरस्वतीलाही नाही — तिच्यापुढे तर मुळीच नाही, कारण माझा अपराध वाणीचा होता. तुम्ही समोर बसला आहात असे समजून लिहितो. मध्येच उठून जावेसे वाटले तर जा. तो तुमचा हक्क आहे.

आदिलाबादेत लोक मला ओळखतात ते माझ्या संतापावरून आणि माझ्या पत्रांवरून. टपाल उशिरा आले — पत्र. ठेकेदाराने पुलाच्या चुन्यात माती कालवली — पत्र. कारकुनाने एका विधवेला पुन्हा पुन्हा हेलपाटे घालायला लावले — पत्र, आणि तेही कलमांसकट. ‘खोटे बोलणारा एकाचा अपराधी असतो, खोटे लपवणारा सगळ्यांचा’ हे वाक्य माझ्या किती पत्रांत आले असेल! ते लिहिताना मी कधी अडखळलो का? नाही. एकदाही नाही.

राज्य तेव्हाही निजामाचेच होते, आजही आहे. मी मात्र तेव्हा मिसरूड फुटलेला उमेदवार होतो. पैमाइशीच्या खात्यात, म्हणजे जमिनीची मोजणी करणाऱ्यांत, शिकायला लागलो होतो. माझ्याबरोबर सदाशिव होता. भीमपूरकडच्या कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातला. गावातून सरकारी कामावर निघालेला पहिला माणूस. त्याच्या बापाने त्याला वेशीपर्यंत वाजतगाजत पोहोचवले होते. मी नियमांचे पुस्तक तोंडपाठ म्हणत असे, म्हणून तो मला ‘वकीलसाहेब’ म्हणायचा.

नार्नूरच्या पलीकडच्या रानात एक डोंगर होता. काम सोपे होते — सांगायला तरी. माथ्यावर जायचे आणि ऊन चढले की आरशात सूर्य धरून त्याची चमक समोरच्या डोंगरावर पाठवायची. तिथे आमचे मोहतमीम, म्हणजे खात्याचे वरिष्ठ, दुर्बिणीचे यंत्र लावून बसलेले असत. चमक जिथून येईल तिथला कोन ते टिपत. चमक माथ्यावरून आली की खालच्या खांद्यावरून, हे त्यांना त्या वेळी कळत नसे. संध्याकाळी हिशेब जुळला नाही म्हणजे कळे. आरसा माझ्या नावावर दिलेला होता. सदाशिवकडे निशाण होते.

पहाटे निघालो. सागाची वाळकी पाने पायांखाली इतकी वाजत होती की बोलणे ऐकू येईना. डोंगराच्या खांद्यावर गोंडांच्या गुड्याचा, म्हणजे वस्तीचा, म्हातारा पटेल आमच्यासाठी थांबला होता. माथ्यावर त्यांच्या देवाचे ठाणे होते. त्याने हात जोडले. “मालक, वर जा. पन चामडं इथं ठेवा. वर चामडं नाही नेत आमी.”

सदाशिवने ऐकता ऐकता वहाणा काढल्या. माझ्या पायांत बूट होते आणि आरसा चामड्याच्या पेटीत होता. मी म्हणालो, उपकरण पेटीबाहेर काढून न्यायचे नाही, असा नियम आहे.

“अरे, माह्या पंच्यात गुंडाळून घेऊ ना,” सदाशिव म्हणाला. “आन बुटाचं काय? काऊन वकीलसाहेब, तुमचे पाय बी सरकारी हायेत का?”

पटेलही हसला. मी हसलो नाही. मी नियम पुन्हा म्हणून दाखवला, अधिक मोठ्याने. शेवटी सदाशिव निशाण खांद्यावर टाकून अनवाणी निघाला. “ये मागून. मी वर हावो,” एवढे बोलून तो वळला.

आतापर्यंत वाचून तुम्हाला वाटले असेल की हा माणूस गर्वापायी खाली राहिला. मलाही तसेच वाटून घेणे सोयीचे होते — वर्षानुवर्षे होते. पण आज खरे लिहायला बसलो आहे, तर तेही लिहितो. खांद्याच्या वर उघडा कातळ होता, दोन्ही बाजूंना तुटलेला. सदाशिवला त्यावरून जाताना पाहिले आणि मी दोन पावले मागे सरकलो. मी भ्यालो होतो. नियम आठवला तो नंतर — नव्हे, चुकलो. नियम आधी म्हणून झाला होता, पण त्याला इतका घट्ट धरला तो त्या कातळाकडे पाहून. कायद्याआड लपता येते, हे मला त्या दिवशी कळले. आणि जो धडा इतक्या लवकर कळतो, तो माणूस विसरतो का?

ऊन चढले. मी खांद्यावरूनच चमक दिली. समोरून उत्तराची चमक आली. सदाशिव वर माझी वाट पाहत उभा होता. त्याचे निशाण धुरकट हवेत समोरून दिसणे शक्यच नव्हते. उतरून आला तेव्हा त्याचे तळवे काट्यांनी सोलले होते; वहाणा पायांत घालवेनात, म्हणून त्या त्याने हातात घेतल्या. “देव भेटला, तू नाही भेटला,” म्हणत तो काटे काढू लागला. मी चमक कुठून दिली हे त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही.

संध्याकाळी तंबूत कोन जुळेनात. मोहतमीमांनी उर्दूत विचारले, चमक कोणी दिली?

मी म्हणालो, सदाशिवने.

एक शब्द. तो मागे घेता आला असता. सदाशिव माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “नही साब, हम तो उपरच था... निशान लेके... वो देव के पास...” त्याची ती मोडकी भाषा ऐकून कोणीतरी हसले. आणि मी काय केले? मी उत्तम उर्दूत निवेदन केले. उपकरण माझ्या नावावर असले तरी सोबत्यालाही सराव द्यावा अशी सूचना आहे, म्हणून आरसा त्याला दिला. गावकऱ्यांच्या समजुतीला भिऊन त्याने जोडे काढले आणि तो खांद्यावरच बसून राहिला. मग मी त्याच्या पायांकडे बोट दाखवले. म्हणालो, हुजूर, पाहा, हा अनवाणी आहे; असा माणूस काट्यांतून माथ्यावर जाईल कसा?

जे पाय माथ्यावर जाऊन आले होते, त्यांनाच मी ते गेले नसल्याचा पुरावा केले. सोललेले तळवे कोणी उलटे करून पाहिले नाहीत. मी पाहू दिले नाहीत — मी बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांना माथ्यावर पाठवून कोन पुन्हा घेतला. नकाशा सुधारला. सदाशिवला बरतर्फ केले, म्हणजे कामावरून काढून टाकले. मी पुढे चढत गेलो, पेन्शनीत निघालो, आणि जगाच्या खोटेपणावर पत्रे लिहू लागलो.

गेल्या आठवड्यात तो माझ्या ओसरीवर आला. गावाला विहीर हवी होती, तिची अर्जी लिहून घ्यायला. डोक्यावर पांढरा पटका, दातांत फट, आणि तेच हसू.

“वळखलं का, वकीलसाहेब?”

ओळखले. खुर्चीतून उठता आले नाही. तो आपणच बसला, पाणी प्याला, कापूस यंदा बरा असल्याचे सांगू लागला. मी दौत उघडून नाव विचारले — काहीतरी विचारायला हवे म्हणून.

“सदाशिव लिवा. गावात तं मले अर्धाडोंगर म्हणतात. सरकारच्या कामावर गेला आन अर्ध्या डोंगरावर बसून राह्यला, म्हणून. सुनेले बी पाणवठ्यावर अर्धाडोंगराची सून म्हणतात. पन ते अर्जीत लिवू नका बरं, नाही तं तहसीलदार इचारीन, कोणता अर्धा?”

स्वतःच्या विनोदावर तो पोटभर हसला. तरण्या पोराला दिलेले नाव पटक्याखालचे केस पिकले तरी सुटले नव्हते. मी विचारले, माझ्याकडेच का आलात?

“तुमच्या बोलण्यापुढं मोहतमीम हारला होता. तहसीलदार काय चीज हाय!”

या वाक्यात विष नव्हते. मी शोधले, सापडले असते तर बरे वाटले असते. आणि तेव्हाही — ऐका — तेव्हाही मी काही बोललो नाही. खाली मान घालून अर्जी लिहिली. चांगली लिहिली. जाताना तो पायरीवर थांबला. “ज्वारी हुरड्याले आली हाय. या आमच्या वावरात. इहीर मंजूर होवो का न होवो, तुमी या. गाव सारं असते आगटीपाशी.”

तो गेल्यावर मी दौत बंद केली आणि स्वतःला विचारले. त्याला खुलासा कसला करायचा? त्याला सगळे ठाऊक आहे; माथ्यावर तोच उभा होता. ठाऊक नाही ते गावाला, आणि पाणवठ्यावर मान खाली घालून घागर भरणाऱ्या त्याच्या सुनेला. ती बाई उद्या आगटीपाशी, हुरड्याच्या जाळाभोवती असेल, तिच्या शेजारणीही असतील.

मी उद्या येतो असा निरोप धाडला आहे. बैलगाडी सांगितली आहे. सदाशिवच्या वावरात वहाणा धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, काढीन. कणसे भाजली जात असतील, राखेतले गरम दाणे कोणीतरी तळहातावर चोळत असेल, तेव्हा मी उभा राहीन आणि मराठीत, कलमांवाचून सांगेन: माथ्यावर सदाशिव होता. अनवाणी होता. चमक मी दिली, खालून, भ्यालो म्हणून. आणि नाव त्याचे सांगितले.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. लोक हसतील, शिव्या देतील, हुरडा पुढे करतील किंवा करणार नाहीत. पण आज सकाळपासून हे लिहिताना ओळीओळीला अडखळतो आहे, आणि ते मला चांगले लक्षण वाटते.

अर्धाडोंगर हे नाव माझे आहे. इतकी वर्षे ते त्याने वागवले. उद्या मी ते परत आणायला चाललो आहे.