दही अजून लागलं नाही

महादेवीकाकूंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या हातावर मारलेल्या चापटीनं. माझ्या लेकीच्या, रेवतीच्या, मेडिकलच्या क्लाससाठी नवऱ्याला नि सासूबाईंना नांदेडला ठेवून मी लातुरात खोली घेतली होती. सामान वर चढवून खाली आले तर घरमालकीणबाई धपाटी करत बसलेल्या. भुकेच्या भरात मी तव्यावरून उतरलेल्या धपाट्याला हात घातला आणि चापट बसली.

"थांब की माय! गरम धपाट्याला नुसती मिरची लागते, चव न्हाई. गार होऊ दे."

आमच्याकडे धपाट्यात ज्वारी जास्त. काकूंचं उलटं, बेसन भरपूर, ज्वारीचं पीठ मूठभर. शिरूर अनंतपाळच्या त्यांच्या शेतातला हरभरा, त्याची डाळ, आणि गिरणीत समोर उभं राहून दळलेलं पीठ. "इकतच्या पिठाला वासच न्हाई. मग खायचं कशाला?" लसूण, ओवा, तीळ, कोथिंबीर घालून मळलेला गोळा ओल्या फडक्यावर थापायचा, मधे बोटानं भोक पाडायचं, फडक्यासकट तव्यावर उलथायचं नि फडकं अलगद सोडवायचं. भोकात तेलाचा थेंब. मग पूर्ण गार झाल्यावर घट्ट दही नि शेंगदाण्याची चटणी. मी एकदा चमचा मागितला, तर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा मागितला नाही.

एप्रिलात रेवतीचे चाचणीतले मार्क पार घसरले. माझा राग वाईट. घर सोडून, सासूबाईंचे टोमणे ऐकून मी हिच्यासाठी इथं राहते आणि ही अशी! क्लास बंद, उद्या नांदेड, असं मी ओरडून सांगितलं. रेवती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. काकूंना बहुधा खाली सगळं ऐकू गेलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जा की. पण रिकाम्या हातानं कशी जाशील? धपाटी बांधून देते."

सकाळी बॅगा घेऊन खाली आले. "दही लागलं न्हाई बघ. दह्याबिगर धपाटी कुणी नेतं का? उद्या जा." दुसऱ्या दिवशीही तेच. लातूरच्या एप्रिलात दुपारपर्यंत दही आंबून जातं, पण रागानं माझी अक्कल गहाण पडलेली. तिसऱ्या दिवशी काकूंनी आम्हा मायलेकींना एका ताटात वाढलं. अर्धं धपाटं झाल्यावर रेवती खाली बघत म्हणाली, "आई, मला दोन महिने फिजिक्स काहीच कळत नाहीये. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिला जवळ घेतलं. तेवढ्यात काकूंनी फडताळातून मडकं काढलं. दही सुरीनं कापावं इतकं घट्ट होतं. "आता गार झालंय," त्या म्हणाल्या. "खावा."

आम्ही राहिलो. रेवती डॉक्टर झाली नाही. तिला नांदेडलाच फार्मसीला प्रवेश मिळाला. निघायच्या सकाळी खाली आले तर ओट्यावर धपाट्यांचं गाठोडं बांधून तयार.

"आणि दही, काकू? लागलंय का?" मी मुद्दाम विचारलं.

"लागलं की माय. एवढ्या उन्हात न लागून सांगतंय कुणाला?" पदरानं तोंड पुसत त्या हसल्या.

मला हसता आलं नाही. त्या दिवशी ते खरंच लागायला नको होतं.