जांबोटीच्या वाटेवर राहिलेलं कुंकू

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी आधीच बोंब मारून सांगतो. आमच्या निपाणीत पिंपळाखाली एक मुंजा आहे म्हणतात. मी मुद्दाम त्याच्यापुढे उभा राहून तंबाखू मागितली होती. दिली नाही. त्यावरूनच ओळखलं की तिथं कुणी नाही... कारण निपाणीत तंबाखूला नाही म्हणणारा जीव, जिवंत असो की मेलेला, अजून जन्मायचा आहे.

आमच्या गावात असंही म्हणतात की दत्तूच्या, म्हणजे माझ्या, बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं. खुशाल सोडा! पण या हकिगतीत एका म्हातारीच्या उंबऱ्याशी आलात की हात आखडता घ्या. तिथून पुढं मी काही वाढवलेलं नाही. वाढवावं असं त्यात काही नाहीच.

लढाईच्या आधीची गोष्ट. पेट्रोल तेव्हा मागाल तेवढं मिळे. माझी मावसबहीण यमुनाआक्का हिचे यजमान बाबूआण्णा, तंबाखूचे बडे व्यापारी. देह असा, की वखारीत बसले तर गिऱ्हाईक आधी पोतं समजून टिचकी मारून बघे. या आण्णांनी बेळगावच्या कँपातून विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्याची जुनी मोटार विकत घेतली. हॉर्न असा, की तो ऐकून आमच्या गल्लीतल्या म्हशीनं दुधाऐवजी ताक दिलं. मोटार हाकायला यल्लाप्पा नावाचा पोरगेला गडी ठेवला. नुकतंच लग्न झालेलं, अंगानं रेड्यासारखा. चाक बदलायचं तर जॅक लावायचा नाही, कमरेत वाकून मोटार उचलून धरायचा. (हे निम्मं करा.)

आक्कानं लग्न झाल्यापासून नवऱ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मागून मिळालं नसतंच. पण मोटार दारात आली आणि ती म्हणाली, "शिमगा झाला. जांबोटीकडं रान फुललं असंल. लहानपणी आज्ज्याच्या गाडीतनं बघितलंतं. एकदा दावता काय?"

आण्णांना आक्काची हौस पुरवायची नव्हती, मोटार मिरवायची होती. पण निघालो. पुढं यल्लाप्पा नि त्याच्या शेजारी आण्णा, मागं मी नि आक्का. बेळगावात खडेबाजारात आण्णांनी मोटार मुद्दाम गर्दीत उभी करवली, खव्याचा कुंदा घेतला आणि चाक कुणाच्या पायावरून जाता जाता राहिलं तरी हसत राहिले.

बेळगाव सोडलं आणि मग... काय सांगू! पळस असा पेटला होता की वणवा समजून मी पाण्याची कळशी हातात घेतली. पांगारा, काटेसावर, करवंदीच्या जाळ्यांवर पांढरा सडा. एका वळणावर अंजनी अशी फुलली होती की झाडाच्या फांद्यांना कुणी निळीचं पाणी मारलंय असं वाटावं. वाऱ्याला सुरंगीचा वास. आक्का नुसती बघत होती. तिचा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता.

यल्लाप्पानं एकदा मोटार थांबवून सुरंगीच्या कळ्या तोडल्या आणि टोपीत ठेवल्या.

"कुणाला रं?" आण्णा.

यल्लाप्पा लाजला. "गंगीला, मालक."

"फुकटची फुलं देऊन बायकू खूश करतोय बघा लेकाचा!" आण्णा गदगदून हसले.

जांबोटी थोडी पुढं राहिली असेल, मोटारीनं वाफ सोडली. रस्त्याच्या कडेला चार घरं. आण्णा खाली न उतरताच ओरडले, "ए, कोण हाय? मोटारीला पाणी आणा!"

एका घरातून एक म्हातारी आली. वाळकी, काटक, नेसूचं गुडघ्यापर्यंत, आणि कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. म्हणाली, "मोटारीला पाणी? आणि माणसं काय वाऱ्यावर जगत्यात व्हय? आदी आत येवा."

गूळपाणी झालं. पाय धुवायला कढत पाणी झालं. नको म्हणेपर्यंत पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या काजूंची आमटी, लाल भात, कोकमाचं सार, आणि एका द्रोणात मध. तिचा म्हातारा काठी टेकत आला, "जेवा, जेवा," म्हणून पुन्हा गुरांकडं गेला. ओळख ना पाळख, कोण कुठले हे जेवण अर्धं झाल्यावर विचारलं. तिकडची रीतच तशी.

"नाचणी आमच्यात बैलाला घालत्यात," आण्णा म्हणाले.

"मग बैलागत खावा की! कोण नगं म्हणतंय?" म्हातारी म्हणाली आणि आणखी एक भाकरी टाकली. यल्लाप्पाला ठसका लागला. आण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं ठसका गिळला. पण खाल्लं मात्र आण्णांनी. मी आठ माणसांचं जेवतो अशी माझी ख्याती, मी हात जोडून उठलो तरी ते चालूच.

आता इथून काही निम्मं करू नका.

निघताना आक्का उंबऱ्याशी थांबली. आमच्याकडं सवाष्ण घराबाहेर पडताना तिला हळदीकुंकू लावतात, हे सांगायला नको. गरिबातली गरीब, भांडखोरातली भांडखोर असली तरी ते राहत नाही. म्हातारीनं कोनाड्यातून करंडा घेतला. बोट कुंकवात बुडवलं. आक्कानं कपाळ पुढं केलं.

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. मग बोट पदराला पुसलं, करंड्याचं झाकण लावलं आणि तो परत कोनाड्यात ठेवला. आक्काच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "जप गं पोरी."

एवढंच.

आक्का मोटारीत येऊन बसली. हात मांडीवर, ओठ पांढरे. आण्णा दातात काडी घालत होते.

"काय झालं गं?"

"कायी न्हाय."

"तोंड का तसं?"

"...कुंकू न्हाय लावलं."

आण्णांना कळायला क्षणभर लागला. मग ते जे उसळले, जेवलेला माणूस इतक्या चपळाईनं उठलेला मी तरी बघितला नाही. आक्काला दंडाला धरून पुन्हा उंबऱ्यावर नेलं.

"का गं म्हातारे? मी काय मेलोय? हितं बसून तुझ्या भाकऱ्या हाणल्या त्या काय भुतानं?"

म्हातारी शांत. "ऱ्हाऊ दे की दादा. जेवलासा, समाधान झालं. जाताना वाद नगं."

"लाव कुंकू!"

"नगं म्हणते न्हवं."

आण्णांनी तिचं मनगट पकडलं. हाड वाजलं, मी ऐकलं. "लावतीस का न्हाय? का तुझ्या म्हाताऱ्याला बोलवून आदी तुझं पुसू?"

तिनं आण्णांकडं बघितलं नाही. आक्काकडं बघितलं आणि अगदी हळू, शेजारणीला सांगावं तसं सांगितलं, "लावते बाई. पर एकीचं ऱ्हायचं तर दुसरीचं पुसावं लागंल. चालंल तुला?"

"पूस जा!" आण्णा ओरडले. "पायजे तिचं पूस! दुनिया पडलीया!"

पण तिनं आक्काला विचारलं होतं. आक्का मान खाली घालून उभी राहिली... आणि मग कपाळ पुढं केलं. म्हातारीनं ठसठशीत कुंकू लावलं.

आण्णा मोटारीकडं आले ते लढाई जिंकून आल्यासारखे. "बघितलंस दत्तू? असं वाकवावं लागतं. ए यल्ल्या, सरक. आज मी हाकणार. तू बस माझ्या जागंवर, बघ मालक हुन कसं वाटतंय!"

यल्लाप्पा बसला. टोपी सावरून, नवरदेवासारखा ताठ. मागं वळून मला डोळा मारला. आण्णा मोटार अशी हाकत होते की दोनदा पळसाच्या बुंध्याला आणि एकदा यमाला चाटून गेलो. मी मागून शिव्या घालत होतो, यल्लाप्पा "मालक, ब्रेक! ब्रेक!" म्हणून हसत होता. मग त्याचं हसणं थांबलं. त्याची मान आण्णांच्या खांद्यावर आली.

"झोपला बघा बेटा! फुकटची भाकरी सोसत न्हाय," म्हणत आण्णांनी एक टपली मारली. मान दुसऱ्या बाजूला गेली.

मोटार थांबवली. मी त्याला खाली घेतलं. अंग गरम, श्वास नाही. लख्ख ऊन, भोवती फुलांचा नुसता बाजार, आणि हा रस्त्यावर आडवा. साप चावल्याची खूण नाही, तोंडाला फेस नाही, मार नाही. जे आम्ही खाल्लं तेच त्यानं खाल्लं होतं. बेळगावात डॉक्टरांनी पापणी उलटून बघितली, कानाला नळी लावली आणि म्हणाले, "हृदय बंद पडलं." मी म्हटलं, "ते मलाही दिसतंय, साहेब. का पडलं?" ते हात धुवायला गेले.

आण्णा बाहेर उभे होते. "माझ्याच जागंवर मरायचं व्हय ह्यानं?" म्हणाले. "आता गादी बदलावी लागंल."

परतीच्या वाटेत आक्कानं एकच गोष्ट केली. यल्लाप्पाच्या टोपीतून सुरंगीच्या कळ्या काढल्या आणि मूठ बाहेर धरून सोडून दिल्या. गंगीच्या हातात टोपी रिकामी गेली.

गंगी सतरा-अठराची असेल. गल्लीतल्या बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. आक्का तिथंच भिंतीला टेकून होती, जांबोटीचं कुंकू तसंच ठसठशीत. मी बघितलं, तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळाकडं नेलं. तिच्या नणंदेनं हातावर फाडकन मारलं. "काय अवदसा आठवली गं? नवरा धडधाकट असताना?"

धडधाकट! त्यानंतर आण्णांना साधा खोकला झाला नाही. प्लेगाची साथ आली, गल्ली ओस पडली, हे वखारीत बसून कांदाभजी खात होते. आणि कुठं लग्न-मुंज असली की पंगतीत ही गोष्ट सांगायचे. म्हातारी, कुंकू, मनगट, सगळं. शेवटी छातीवर थाप मारून म्हणायचे, "आणि हा बघा, हाय का न्हाय जिवंत? समदी थोतांडं!" लोक हसायचे. यल्लाप्पा त्या गोष्टीत कधी आलाच नाही. लपवायचं म्हणून नव्हे हो... त्यांना तो आठवायचाच नाही.

आक्कानं गंगीला कामाला ठेवून घेतलं. दोघी एका स्वयंपाकघरात. एक लावलेली, एक पुसलेली. पुढच्या शिमग्यानंतर आक्का मला परसात गाठून म्हणाली, "दत्तू, जांबोटीला जाऊन ये."

"कशाला?"

"त्या म्हातारीला विचार. मागं घेता येतंय काय, विचार."

मी आक्काकडं बघितलं. ती काय मागतेय हे तिला पुरतं ठाऊक होतं. आत आण्णा मोठ्यानं ढेकर देत होते.

गेलो. म्हटलं घर सापडणार नाही, मग ही नेहमीची भुताची गोष्ट होईल आणि मी सुटेन. कसलं काय! घर होतं, कोनाडा होता, म्हातारा गुरांकडं होता. म्हातारीनं मला ओळखलंसुद्धा नाही, तरी गूळपाणी दिलं, पान वाढलं. पळस तसाच पेटलेला. मी मोटार, कुंकू, मनगट सगळं सांगितलं; यल्लाप्पाचं तेवढं सांगितलं नाही.

ती ऐकताना भाकरी थापत होती. "आता गं बाई... इसरले असंन बघ कुंकू लावायचं. म्हातारपण. करंडा हातात घेते नि कशाला घेतला ते ध्यानात ऱ्हात न्हाय."

"अवो, पण तुम्ही म्हणालासा की! एकीचं ऱ्हायचं तर दुसरीचं पुसावं लागंल."

"मी? असं म्हणले?" तिला खरंच नवल वाटलं. "मनगट पिरगाळलं तर माणूस काय बी बोलतंय रं बाबा."

आता करा उलगडा! विसरली म्हणावं, तर बोट बुडवून पुसलेलं मी डोळ्यांनी बघितलं. तिनं काही केलं म्हणावं, तर असली भोळी मुद्रा मी देवळातल्या गायीचीही बघितली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, भगत म्हणाला नजर, भटजी म्हणाले प्रारब्ध. मला विचाराल तर मला ठाऊक नाही, आणि अमुक मला ठाऊक नाही असं मी आयुष्यात हे पहिल्यांदा लिहितोय.

म्हातारीनं तव्यावरची भाकरी उलटली, लोण्याचा गोळा माझ्या पानात टाकला आणि बायका विहिरीवर विचारतात तशी, अगदी घरगुती सुरात विचारलं, "मग पुसलं कुणाचं?"

मी नाव सांगितलं नाही. भाकरी खाल्ली, लोणी खाल्लं, आणि आक्काला येऊन सांगितलं, "तिकडं तसलं घरच न्हाय."

"बरं," आक्का म्हणाली. आणि आत जाऊन गंगीबरोबर आण्णांचं ताट करायला लागली.