इंचूमामांची पारख

माझे मामा विंचू नांगीला धरून उचलत. टेंभुर्णीच्या शेतात बांधावरचा दगड उलटला की ते नांगी बरोबर चिमटीत पकडायचे आणि विंचू ओढ्यापलीकडे सोडून यायचे. मारत नसत. गावात त्यांना सगळे इंचूमामाच म्हणत. रागावली की मामीसुद्धा.

रानात कुणाला काही चावलं की लोक आधी त्यांच्याकडे येत. साप असेल तर मामा काही न विचारता जीपमध्ये बसवत. इतर वेळी मंत्र नाही, पाला नाही, एकच प्रश्न, "आग व्हायली का?" हो म्हटलं तर जल्दी दवाखाना. नाही म्हटलं तर, "मंग जा घरी. आग न्हाई तर इख न्हाई." ही पारख आमच्या रानात चुकल्याचं मला आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा-मामी, मी आणि माझी बायको असे चौघे अंदमानला गेलो. मामांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ओहोटीच्या वेळी खडकांत साचलेल्या पाण्यात उतरून ते दगड उलटू लागले.

"अहो, इथं बी तेच? शेत न्हाई हे आपलं," मामी म्हणाली.

मामांनी तोवर तळहातावर सहज मावेल एवढा ऑक्टोपस बाहेर काढला होता. पिवळट, मऊ. हातात येताच त्याच्या अंगावर निळी कडी उमटली. "भाचेबुवा, बघा, रंग बदलून राह्यला!"

"छोड़ दो, साहब!" आम्हाला तिथं घेऊन आलेला नाववाला ओरडत आला. मामांनी तो हळूच पाण्यात सोडला. अंगठ्याजवळ रक्ताचा टिपका होता. नाववाला म्हणाला, आत्ताच दवाखान्यात चला.

"चावलं का मामा?" मी विचारलं.

"मुंगीएवढं बी न्हाई. आग बिलकुल न्हाई, मंग कायचं इख? बसा, नारळ प्या."

त्यांचा नारळ अर्धाही संपला नाही. "ओठ बधिर पडले," ते म्हणाले. मग जीभ जड झाली. नावेत चढवलं तेव्हा मान सावरत नव्हती. आम्ही हाताला रुमाल घट्ट बांधला, तळपाय चोळले. त्यांना फक्त श्वास हवा होता, तोंडाने सतत द्यायला हवा होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. या विषाने छातीचं काम थांबतं. माणूस बराच वेळ शुद्धीत असतो. मामी वाटभर त्यांच्याशी बोलत होती. त्यातलं काही त्यांना ऐकू गेलं असावं, असं मी धरून चालतो.

टेंभुर्णीत लोक अजून मामीला भेटायला येतात. विचारतात, "लई तरास झाला का वो त्यायला?"

"न्हाई," मामी म्हणते. "कायच दुखलं न्हाई."

ऐकणाऱ्याला जरा बरं वाटतं. मामी दर वेळी तेवढंच सांगते, आणि आपल्या अंगठ्याजवळची जागा चोळत बसते.