सुखदेवसाठी एक हॉर्न

बातमी आली तेव्हा माझा डंपर माती भरणाऱ्या शॉवेलखाली उभा होता. खाणीत ड्यूटीवर फोन जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे बातम्या येतात त्या केबिनमधल्या वायरलेसवरून, आणि त्याही कुठल्या रस्त्यावर पाणी मारलंय नि कोणाचा टायर बसलाय एवढ्याच. त्या दिवशी शॉवेलवरचा ऑपरेटर म्हणाला, "सविताबाई, कवडूभाऊ गेले. भद्रावतीले, घरीच. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाई." तेवढ्यात शेवटची बादली माझ्या मागे रिकामी झाली, गाडी बुडापासून हलली आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. पुढे निघायचे दोन हॉर्न दिले आणि निघाले. चढ चढून वर जाईपर्यंत रडू आलं नाही. माती टाकून रिकामी परत फिरले, तेव्हा आलं.

नंतर शोकसभेत मला बोलायला उभं केलं. दोन वाक्यं झाली आणि आवाज गेला. राहिलेलं इथे लिहिते आहे.

कवडूभाऊ आमच्या राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीच्या ट्रेनिंग सेंटरात सिम्युलेटर शिकवायचे. त्याआधी वीस-बावीस वर्षं त्यांनी स्वतः डंपर चालवला होता. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना शेजारणीला एका कवडीला विकून परत घेतलं आणि नाव कवडू ठेवलं. हे ते नव्या बॅचला पहिल्याच दिवशी स्वतःच सांगून टाकत, म्हणजे मागून कोणी हसायला नको. बुटके, गोल, खिशात कायम बडीशेपेची पुडी. रोज भद्रावतीहून दोन एसट्या बदलून यायचे आणि तरी आमच्याआधी हजर असायचे, याचा आम्हाला फार राग यायचा.

माझे यजमान आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी मला नोकरी लागली. आधी ऑफिसात फायली इकडून तिकडे करायचं काम होतं. डंपरच्या ट्रेनिंगला बायका हव्यात असं निघालं, तेव्हा मी नाव दिलं. हौस म्हणून नाही. फायलींच्या खोलीत दिवसभर लोक माझ्याकडे कीव करत बघायचे, त्यातून सुटका हवी होती. सिम्युलेटर म्हणजे एक लोखंडी खोली. आत खऱ्या डंपरची खुर्ची, खरं स्टेअरिंग आणि समोर तीन पडदे. खड्डा आला की खुर्ची आदळते. पडद्यावर खाण दिसते, पण तिथलं आभाळ कायम स्वच्छ आणि धूळ नावाला नाही. गाडी कड्यावरून खाली घातली तर पडदा काळा होतो, आणि अर्ध्या मिनिटात आपण पुन्हा वरच्या रस्त्यावर जसेच्या तसे उभे.

त्या पडद्यात शॉवेलजवळ नारंगी जाकीट घातलेला एक माणूस उभा असे. तो कधी हलत नसे, त्याला धड चेहराही नव्हता. गाडी सुरू करताना एक हॉर्न, पुढे जाताना दोन, मागे घेताना तीन, हा खाणीतला नियम. पण बंद खोलीत, पडद्यावरच्या बाहुल्यासाठी हॉर्न काय वाजवायचा... आम्ही टाळाटाळ करायचो. कवडूभाऊंनी त्यावर त्या माणसाला नाव देऊन टाकलं. सुखदेव. मग रोज थोडं थोडं त्याच्याविषयी सांगायला लागले. सुखदेवचा डावा घुटना दुखतो, त्याला पटकन बाजूला होता येत नाही. सासुरवाडी चामोर्शीची, तिकडून नवा तांदूळ आला की सगळ्या शिफ्टला सांगत फिरतो. त्याच्या डब्यात अंबाडीची भाजी असते आणि त्याला ती बिलकुल आवडत नाही. बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदा केली तेव्हा लय चांगली झाली असं बोलून बसला आणि कायमचा फसला. आम्ही हसायचो. पण महिनाभरात अशी पाळी आली की सुखदेवला हॉर्न न देता गाडी हलवली तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटे.

पुढे खऱ्या गाडीवर बसायचा दिवस आला. शेजारच्या सीटवर कवडूभाऊ. मार्चचं ऊन होतं आणि धूळ बसावी म्हणून टँकरनं रस्त्यावर नुकतंच पाणी मारलेलं. उतारावर मागची चाकं घसरली आणि गाडी कडेच्या मातीच्या बांधाकडे निघाली. त्या क्षणी मी जे केलं ते आजही कोणाला सांगताना मान खाली जाते. मी स्टेअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. पडदा काळा व्हायची वाट बघत बसले. कवडूभाऊंनी आडवा हात घालून ब्रेक ओढला, चाक बांधात रुतलं आणि गाडी थांबली. बांधाच्या पलीकडे खाली दोन मजले खोल पाणी होतं. त्यांनी इंजिन बंद केलं. मग एवढंच म्हणाले, "इथी पुन्ना सुरू होत नाई, बाई."

सगळे म्हणाले, सिम्युलेटरची सवय, नव्या माणसाकडून होतं असं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. यजमान गेल्यापासून मला काहीच खरं वाटत नव्हतं. घर, ड्यूटी, पोरीचा अभ्यास, सगळं काचेपलीकडे चाललेलं. हात काढले तेव्हा मनात कुठेतरी असंही होतं की होऊ दे काळं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आणि त्यात ते असतील. कवडूभाऊंनी हे विचारलं नाही. पण रिपोर्टमध्ये घडलं ते जसंच्या तसं लिहिलं आणि मला पंधरा दिवस परत त्या लोखंडी खोलीत पाठवलं. मी त्यांच्यावर फार चिडले. नोकरी जाते की काय या भीतीनं दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्याच दिवसांत माझी मुलगी प्राची, तेव्हा ती चंद्रपूरला कॉलेजात होती, मला मोबाइलवर काहीतरी दाखवत म्हणाली की आई, हे अख्खं जगच कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर चाललेलं असू शकतं, आपण सगळे त्याच्या आतले, असं मोठमोठे लोक म्हणतात. ती गमतीत बोलत होती. मला मात्र एकदम हलकं वाटलं. जग खोटं असेल तर माणूस जाणंही खोटंच की... दुसऱ्या दिवशी मी कवडूभाऊंना विचारलं, असं असू शकतं का. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, विचार करून सांगतो, आणि खरंच दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी चहाचा ग्लास घेऊन सिम्युलेटरच्या पायरीवर माझ्या शेजारी बसले.

"पोरगी म्हन्ते ते असू शकते," ते म्हणाले. "मी नाई म्हनत नाई. मले काय मालूम, आता बाहेरून कोन पाहून राह्यला. पन मंग आपन सुखदेव झालो ना बाई. आपन जाकीट घालून उभे, अन् गाडीवर कोनी नवा शिकून राह्यला. त्यानं काय म्हनावं? हे खोटेच हायेत, कायले हॉर्न देऊ?"

त्यांनी चहा संपवला, ग्लास झटकला.

"तुमचे मालक गेले तवा दुखलं ना तुमाले? मंग ते खरं हाय. बाकीची खदान कोनं बनवली ते त्याचं तो पाहीन. आपन हॉर्न द्यावा."

एवढंच. मग खोलीत जाऊन त्यांनी मशीन सुरू केलं. मी त्या दिवशी पहिला हॉर्न दिला आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून, यजमान गेल्यानंतरच्या दीड वर्षात पहिल्यांदा, पोटभर रडले. कवडूभाऊ बाहेर बडीशेप चावत उभे राहिले आणि बाकीच्यांना सांगत राहिले की मशीन बिघडलंय, अर्धा तास लागेल. सोळाव्या दिवशी मी खऱ्या गाडीवर बसले. त्यानंतर आजपर्यंत स्टेअरिंग कधी सोडलं नाही, आणि हे लिहिताना लाजत नाही की त्या पंधरा दिवसांमुळे मी जिवंत आहे.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. आता आठवड्यातले दोन दिवस नव्या बायकांना सिम्युलेटरवर मी बसवते. फोनवर ते कधी माझी चौकशी करत नसत. सुखदेवची करत. कसा आहे, घुटना काय म्हणतो. मीही सांगायचे, बरा आहे.

गेल्या आठवड्यात कवडूभाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भद्रावतीला त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वंदना झाली, लोक आठवणी बोलले आणि मग पंगत बसली. त्यांच्या पत्नी, सुशीलाबाई, स्वतः वाढत होत्या. भात वाढताना म्हणाल्या की तांदूळ आमच्या चामोर्शीचा आहे, माहेरचा. माझा घास हातातच राहिला. खुंटीला घुटन्यावर चढवायचा पट्टा लटकत होता. सुशीलाबाई पुन्हा आल्या, या वेळी हातात भाजीचं पातेलं होतं.

"थोडी घ्या ना बाई," त्या म्हणाल्या. "अंबाडीची हाय. यायले लय आवडे. तीस वर्सं डब्यात हेच देल्लं मी."

मला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं, आणि बायांना वाटलं मला ठसका लागला. म्हणजे इतकी वर्षं, बॅचमागून बॅच, आम्ही सगळे कवडूभाऊंनाच हॉर्न देत होतो, आणि ते मागे उभे राहून ऐकत होते. सुशीलाबाईंना मी काही सांगितलं नाही. भाजी खरोखर फार चांगली झाली होती. मी दोनदा मागून घेतली आणि त्यांना तसं सांगितलंही.

परवा सिम्युलेटरवर नवी बॅच होती. पहिल्याच बाईनं हॉर्न न देता गिअर टाकला. मी तिला थांबवलं, तर म्हणाली, मॅडम, इथी तर कोनीच नाई. आजवर मी अशा वेळी नियम आहे एवढंच सांगत आले होते. सुखदेवची गोष्ट त्यांची, आपण कशी सांगावी, असं वाटायचं. मी पडद्याजवळ गेले. तो शॉवेलपाशी नेहमीसारखाच उभा होता, नारंगी जाकिटात, न हलता.

"आहे ना," मी म्हणाले. "त्याचं नाव कवडू. डावा घुटना दुखते त्याचा, पटकन सरकता येत नाई. आधी हॉर्न दे."

तिनं दिला.