हात माझा कापत नव्हता
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की आम्हा दोघांचं शेवटचं काम आठवतं. बायको हातानं मशीनचं चाक फिरवत होती आणि मी तेल सोडत होतो. "सांडू नका, गिऱ्हाइकाच्या पोलक्याला डाग पडंल," ती म्हणाली. एक थेंब फळीवर सांडलाच. त्याच आठवड्यात ती तापानं गेली. तेरावा उरकून मी भोसरीला कारखान्यात कामावर गेलो. विमानात बसवायचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, आम्ही जोरात फिरवून त्यांची थरथर मोजायचो. मोजायची कांडी बेअरिंगवर हातानं दाबून धरली की तिला जोडलेल्या डब्यावरचा काटा हलायचा. त्या दिवशी काटा लाल रेघेपार गेला, म्हणजे शाफ्ट बाद. फोरमन म्हणाला, "भाऊ, शाफ्ट बरा हाय, हात तुमचा कापतोय. घरी जा." मी ऐकलं असतं तर तो शाफ्ट विमानात बसला असता. मी म्हटलं, "बायको मेली माझी, हात न्हाई मेला. आधी पास झालेला शाफ्ट यंत्रावर चढवा." चढवला. त्याच हातानं कांडी धरली, काटा खालीच राहिला. पहिला परत चढवला, काटा पुन्हा रेघेपार. फोरमननं त्या शाफ्टवर खडूनं बाद म्हणून फुली मारली. आज वयानं हात कापतो, मान्य. तेव्हा नव्हता कापत. फुली मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघण्याआधी मी तिची मशीन उघडली. एका हातानं चाक फिरवलं, दुसऱ्यानं तेल सोडलं. अर्धं शिवलेलं पोलकं सुईखाली तसंच होतं. त्यावर डाग पडला नाही.