माझ्या आईच्या डोळ्यांत मॅडमनी घातलेलं पाणी

"बघा, हिला अभिनय करावाच लागत नाही," मॅडम म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला.

मी उभी होते. हातात पुस्तक. कथेतली एक म्हातारी गोठ्यात बसून सुनेला शिव्या घालते, तेवढं मला वाचायला दिलं होतं. बाकीची कथा बाकीच्यांची. निवेदन डॉक्टरांच्या मुलीकडं, निसर्गवर्णन वकिलांच्या मुलाकडं. म्हातारी आली की मी. मोलकरीण आली की मी. बाजारात भांडणारी बाई आली की मॅडमची मान आपोआप माझ्याकडं वळायची.

"अस्सल," त्या म्हणायच्या. डोळे मिटून म्हणायच्या, जिभेवर पेढा विरघळत असल्यासारखं.

त्याच तोंडानं मी स्वतःचं काही बोलले की ते अस्सल नसायचं. "मॅडम, वही उद्या आणतो," मी म्हटलं होतं एकदा. आमच्याकडं पोरीबाळीही जातो, येतो, खातो असंच म्हणतात. "आणतो? तू मुलगा आहेस का?" पुन्हा हशा. म्हणजे पुस्तकातली बाई बोलली की साहित्य आणि मी बोलले की चूक.

अकरावीतली गोष्ट आहे. कोल्हापुरातलं नावाजलेलं कॉलेज. तिथं दहावीचे मार्क बघून, वर परीक्षा घेऊन तीस पोरं निवडायचे आणि त्यांना विशेष वाङ्मयाच्या तुकडीत घालायचे. बाकीच्या तुकड्या धडे शिकायच्या, आम्ही 'आस्वाद' घ्यायचो. हा मॅडमचा शब्द. मी परीक्षेत दुसरी आले होते. कुणाच्या ओळखीनं नाही, कुणाच्या दयेनं नाही. घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं. आई चौथी. आण्णा, म्हणजे माझे वडील, सातवी.

घर शहराला चिकटलेल्या गावात. दोन म्हशी. कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्यासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा. आमच्या म्हशी रोज चालत तिथं जायच्या. आई धार काढायची, आण्णा ग्लास भरायचे, मी ग्लास विसळायची. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. तो वाटावा अशी सोय मॅडमनी केली.

एका संध्याकाळी त्या कट्ट्यावर आल्या, पुण्याचे दोन पाहुणे घेऊन. मला बघून टाळी वाजवली. "अरे, ही तर आमची विद्यार्थिनी! बोल ना यांच्याशी काहीतरी. तुमच्या भाषेत."

मी हातातला ग्लास विसळत राहिले. काय बोलू? लहान पोराला 'आत्याला गाणं म्हणून दाखव' म्हणतात तसं.

म्हशीखालनं आईच बोलली. "दूध प्या की पावणं. बोलायचं मागनं हाय, निवतंय ते."

पाहुणे खूश. एकानं फोन काढून आईचा फोटो घेतला, न विचारता. मॅडम म्हणाल्या, "किती गोड!" दुधाला म्हणाल्या का आईला, कळलं नाही.

पुढं मॅडमनी सगळ्यांना लिहायला सांगितलं, घरातला एक अनुभव. डॉक्टरांच्या मुलीनं आजोबांच्या आरामखुर्चीवर लिहिलं. कुणी मनालीच्या बर्फावर. मी रेडकावर लिहिलं.

त्या दिवाळीत आमच्या थोरल्या म्हशीचं आठ दिवसांचं रेडकू मेलं होतं. पिल्लू समोर नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. कास भरलेली, तटलेली, आणि आईला हात लावू देईना. मग मेलेल्या रेडकाचं कातडं काढलं, आत भाताचं पिंजर भरलं, शिवलं, चार काटक्यांवर उभं केलं आणि म्हशीच्या पुढ्यात ठेवलं. म्हशीनं वास घेतला. चाटलं. पान्हा सोडला. आई खाली बसून धार काढायला लागली. मी लिहिलं होतं की आम्ही म्हशीला फसवलं. आणि शेवटी लिहिलं होतं, "आईनं मला बादली पुढं सरकवायला सांगितली. मी सरकवली." एवढंच. दोन पानं.

मॅडमनी ती दोन पानं वर्गात वाचली. वाचताना नाक थोडं आक्रसलेलं.

"विषय जबरदस्त आहे," त्या म्हणाल्या. "पण किती कोरडं! आईचं काळीज कुठं आहे यात?"

"मॅडम, काळीज हाय की. पण धारबी काढायचीच हाय."

हशा. मॅडमही हसल्या, कीव केल्यासारख्या. "दुःखालाही एक सौंदर्य असतं. ते तुला दिसत नाही. इतकं व्यवहारी राहून साहित्य होत नाही."

दिसत नव्हतं, खरं आहे. रोज सकाळी सहाला शेण काढणाऱ्याला ते दिसत नाही. ते बघायला गोठ्यापासनं लांब उभं राहावं लागतं, नाकाला रुमाल लावून.

"मी जरा हात फिरवते," त्या म्हणाल्या.

फिरवला. कॉलेजच्या वार्षिक अंकात पहिल्याच पानावर, माझ्या नावानं. रेडकाचं 'वासरू' झालं होतं. वासरू गाईचं असतं, आमची म्हैस होती. पण रेडकू काळं, ओबडधोबड; ते मॅडमच्या पानावर शोभलं नसतं. आणि शेवट असा: आईनं त्या पेंढ्याच्या वासराला उराशी कवटाळलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहिले. म्हशीच्याही डोळ्यांत पाणी तरळलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणीच दूध काढलं नाही.

कुणीच दूध काढलं नाही!

वीस वर्षं वाङ्मय शिकवणारी बाई. ग्रामीण साहित्यावर डॉक्टरेट. बंगल्यात भिंतीवर नांगर टांगलेला. आणि दुभत्या म्हशीची धार चुकवली तर काय होतं, हे माहीत नाही. कास दगडासारखी होते, सड सुजतात, ताप भरतो, म्हैस रात्रभर रेकते. मॅडमनी सौंदर्यासाठी म्हशीला आजारी पाडली आणि त्याला ममता म्हणाल्या.

पण मी काय केलं ते आधी सांगते, नाहीतर मला फार शहाणी समजाल. मी गप्प बसले. छापलेलं नाव बघून मला बरं वाटलं. आईला अंक दाखवला, त्यातलं माझं नाव दाखवलं, लेख वाचून दाखवला नाही. का नाही दाखवला, ते मला माहीत होतं. शिवाय मॅडमनी शब्द दिला होता की बारावीनंतर पुण्याच्या मोठ्या कॉलेजात माझी सोय करतील, होस्टेलसकट, तिथल्या प्राचार्यांना स्वतः चिठ्ठी देतील. फक्त स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर तो लेख वाचायचा. "आणि हो," त्या म्हणाल्या, "नऊवारीत ये. आईलाही आण. त्यांना पुढं बसवू."

आई आली. लग्नाकार्याची जांभळी साडी नेसून, डोक्यावर पदर. तिसऱ्या रांगेत बसवली तिला, पाहुण्यांच्या मागं. आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली बाई. मी स्टेजवर. माझी नऊवारी मॅडमनी नाटकाच्या पेटीतनं आणलेली. आमच्या घरात माझ्या वयाची कुठलीही पोरगी नऊवारी नेसत नाही. पण 'अस्सल' दिसायला पाहिजे होतं ना.

मी वाचायला लागले. वासरू मेलं. कातडं शिवलं. म्हैस आली. सभागृह शांत. आणि मी वाचलं, "माझ्या आईनं त्या वासराला उराशी कवटाळलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा..."

"आगं, मी कवा रडलो?"

तिसऱ्या रांगेतनं. आमच्या आईचा आवाज दोन शेतं ओलांडून जातो, सभागृह म्हणजे काहीच नाही.

मी पुढची ओळ वाचली, घाबरून, भराभर. कुणीच दूध काढलं नाही.

"धार काढली न्हाई म्हंजे? म्हस मरंल की! काय वाचायलीयास ह्ये?"

सभागृह हशानं फुटलं. पहिल्या रांगेपासनं शेवटच्या रांगेपर्यंत. प्रमुख पाहुणे रुमालानं डोळे पुसत होते. माझ्या तुकडीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मॅडम स्टेजच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी हात हलवून मला खूण केली. पुढं चल. आणि दुसऱ्या हातानं एका शिपाईमामांना आईकडं पाठवलं. मला दिसलं ते. मामा वाकून आईला काहीतरी सांगत होते. आई उभी राहिली होती आणि इकडंतिकडं बघत होती. आपण काय चुकलो, हे तिला कळत नव्हतं.

ती चुकली नव्हती. त्या अख्ख्या सभागृहात खरं बोललेलं एकच माणूस होतं आणि त्यालाच गप्प करायला माणूस पाठवला होता.

तो हशा माझ्या ओळखीचा होता. वर्षभर वर्गात ऐकलेला. इतके दिवस तो माझ्यावर होता, मी गिळला. आता तो आईवर होता आणि कागद माझ्या हातात होता. म्हणजे आईचं हसं करायला मीच उभी होते. वाचत राहिले असते तर पुणं होतं. होस्टेल होतं. चिठ्ठी होती.

मी कागदाची घडी घातली.

"माझी आई रडली न्हाई," मी माईकवर म्हटलं. "ह्ये मी लिहिलेलं न्हाई. मॅडमनी लिहिलंय. मामा, आईला बसू द्या. तिचंच बरोबर हाय."

हशा थांबला. एकदम. मग मी सांगितलं, न वाचता. रेडकू मेलं, कातडं भरलं, म्हशीला फसवलं, धार काढली, बादली सरकवली. आमच्या बोलीत सांगितलं, आणि ह्या वेळी कुणी अस्सल म्हटलं नाही. अर्ध्यात माईक बंद झाला. मी तशीच ओरडून पुरं केलं. आवाज आईचाच आहे.

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. तसं सिनेमात होतं. खुर्च्या वाजल्या, कुणीतरी खोकलं, पुढचा कार्यक्रम लावणी होता तो सुरू झाला.

चौथ्या दिवशी मला विशेष तुकडीतनं काढून साध्या तुकडीत टाकलं. मॅडमनी बोलावून सांगितलं, "तुझ्यात बुद्धी आहे, संवेदनशीलता नाही. मी तुझ्यासाठी काय काय करणार होते, माहीत आहे ना?"

"माहीत हाय," मी म्हटलं.

"मग? माफी मागायचीस."

"कुनाची? म्हशीची?"

त्यांनी दार दाखवलं. मी गेले. पुणं तिथंच संपलं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर आईला मी माझी मूळ दोन पानं वाचून दाखवली. घाबरत. ती म्हशीला थोपटत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बरं लिवलंयस. पर मीठ कुठाय?"

"कसलं मीठ?"

"कातड्याला मिठाचं पानी लावल्यालं की. त्याबिगार म्हस चाटंल व्हय? आन् तात्या कुठं गेलं?"

तात्या. खालच्या गल्लीतले तात्या. कातडं त्यांनी सोललं होतं, पिंजर त्यांनी भरलं होतं, टाके त्यांनी घातले होते. आणि काम झाल्यावर आम्ही त्यांना चहा दिला होता, गोठ्याच्या बाहेर, वेगळ्या कपातनं. मी लिहिलं होतं 'कातडं काढलं', 'शिवलं'. जणू ते आपोआप झालं. मॅडमनी माझ्या आईच्या डोळ्यांत नसलेलं पाणी घातलं, आणि मी असलेला अख्खा माणूस पानातनं काढून टाकला. मॅडमला तो दिसलाही नाही. त्यांचा लाल पेन तिथनं सरळ पुढं गेला. पकडलं ते चौथी शिकलेल्या आईनं. आणि कप वेगळा होता हे तिनंही सांगितलं नाही. ते मला माझं मला आठवावं लागलं.

मी कोल्हापुरातच बी.ए. झाले. मराठी घेऊन, मुद्दाम. सकाळी धारा, मग कॉलेज, मग कट्टा. घरातली पहिली पदवीधर. कुणाची चिठ्ठी लागली नाही.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. निवृत्त होतायत. गौरव अंक निघतोय. "तुझ्यासारख्या मुलीनं लिहिलं तर फार शोभेल," त्या म्हणाल्या. "तो जुना प्रसंग तेवढा वगळ. आणि अगं, पाठवलंस की मी एकदा नजर टाकीन. भाषेसाठी फक्त."

हे ते लिखाण. मॅडम, नजर टाकायला तुमच्याकडं येणार नाही. हे आधी आईला वाचून दाखवलंय. मग तात्यांच्या घरी जाऊन, आत बसून, त्यांच्या कपातनं चहा पिऊन वाचलंय. तात्या म्हणाले, "येगळ्या कपाचं र्‍हाऊ दे, खोडू नगंस." खोडलं नाही. यापुढं ज्या माणसावर लिहीन, त्याच्या तोंडावर ते वाचीन. तो न्हाई म्हणाला तर फाडीन. तो व्हय म्हणाला तर छापीन, आणि मग त्यातलं एक अक्षर हलवायला कुणी आलं, तर तो हात मी धरीन.